फ्रीजच्या डोक्यावरचा कोपरा

आई,

तुझ्या फ्रीजला मी भोकं पाडली. एक दारात मधोमध आणि दुसरं उजव्या बाजूला खाली, गॅसची नळी आत जायला. दारातल्या भोकातून आता पितळेचा नळ बाहेर आला आहे आणि त्याचा दांडा पुढे ओढला की बिअर येते, थंडगार, वर दोन बोटं फेस. हे ऐकून तू काय म्हणाली असतीस ते मला पाठ आहे. आधी ‘शिव शिव’ म्हणाली असतीस आणि मग लगेच, फ्रीज चालू आहे ना, एवढं विचारलं असतंस. चालू आहे. बसवनगुडीच्या आपल्या हॉलमध्ये जसा घुमायचा तसाच घुमतो आहे, फक्त आता माझ्या मागच्या व्हरांड्यात. माझा हात लागून तो मेला नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते सगळं या हाताबद्दलच आहे आणि ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

तू गेल्यावर तुझं घर आवरताना फ्रीज माझ्या वाट्याला आला तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून. अक्काने तुझ्या लोणच्याच्या बरण्या नेल्या, विरजणाचं पितळी पातेलं नेलं, आणि ते बरोबरच होतं, त्या गोष्टी तिच्याच होत्या. मला तो आकाशी रंगाचा गोल खांद्यांचा डबा मिळाला. बाबांनी तो परदेशी परत निघालेल्या कुणा साहेबाकडून घेतला होता आणि आणला त्या दिवशी निम्मी गल्ली बर्फ बघायला आली होती, असं तूच सांगायचीस. माझ्या घरी नवा फ्रीज होता. त्यामुळे तुझ्या फ्रीजची वायर गुंडाळून ठेवली आणि आत रद्दी, दिवाळीच्या माळा, जुन्या चादरी भरल्या. दरवर्षी तुझे जावई म्हणायचे, भंगारात देऊया, आणि दरवर्षी मी त्यांच्याशी दोन दिवस बोलायची नाही.

यंदा जावई नोकरीतून मोकळे झाले. निवृत्त झाल्यावर कुणी काशीला जातं, कुणी गुडघे बदलून घेतं. यांना घरात बिअरचा नळ हवा होता. पुण्याचा माणूस, तुला माहीतच आहे, एकदा मनात घेतलं की जगाला पटवून दिल्याशिवाय राहत नाही. बंगळुरात आता गल्लोगल्ली बिअर गाळणारी हॉटेलं झाली आहेत, ओळख असली तर ती घरी स्टीलचं पिंप भरून देतात, सोबत बिअर वर ढकलायला गॅसची टाकी. पिंप ठेवायला जुना, एका दाराचा, जाड भिंतींचा फ्रीज लागतो, नवे पत्र्याचे चालत नाहीत, हे त्यांनी मला चहा पिताना तीनदा सांगितलं. ‘अगं, ओल्ड इज गोल्ड. असा पीस आता मिळणार कुठे?’ मी म्हणाले, ‘आपल्याकडेच आहे की.’ बोलून गेले आणि जीभ चावली. एका अटीवर मी हो म्हटलं: तुझ्या फ्रीजला परका माणूस हात लावणार नाही, जे काय करायचं ते मी करीन. हेही बोलून गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कारण त्या हाताचा इतिहास तुला ठाऊक आहे. तूच लिहिलास तो. अक्काला बघायला हुबळीहून मंडळी येणार होती तो डिसेंबर आठव. तू निपाणीला मामाकडे गेलेली, पाहुण्यांच्या दिवशी सकाळी परत पोचणार होतीस. अक्का बाजूला बसली होती, तिची चौथी अंघोळ दुसऱ्या दिवशी. त्यामुळे विरजण लावायचं काम जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे आलं. मी दूध तापवते, करंगळी बुडवून बघते, तुझ्यासारखी. चमचाभर दही घालून ढवळते, तुझ्यासारखी. पातेलं तू फ्रीजच्या डोक्यावर मागे ठेवायचीस, शेजारचा बोका पोचू नये म्हणून. मी बुटकी, भरलं पातेलं तिथवर उचलायची भीती वाटली, म्हणून ते जाळीच्या कपाटात ठेवते आणि कडी लावते. तिथेही बोका पोचणार नव्हता. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते.

सकाळी तू बसमधून उतरून, चप्पल काढून, पहिलं काय केलंस तर झाकण उचललंस. दूध दूधच होतं. तू रागावली नाहीस, ते परवडलं असतं. तू पाहुण्यांसमोर, पोह्यांच्या बशा फिरवताना, हसत हसत म्हणालीस, ‘थोरलीचा हात माझ्यावर गेलाय बघा. धाकटीच्या हाताला यश न्हाई. हिनं लावलं की दूध दूधच ऱ्हातंय.’ सगळे हसले. अक्काची होणारी सासू सगळ्यात जास्त हसली आणि अक्काकडे कौतुकाने बघायला लागली. अक्काचं लग्न जमलं, त्याचा मला आनंदच झाला. पण त्या दिवसापासून विरजण, लोणचं, आंबोळीचं पीठ, सांडगे, जे जे म्हणून मुरायचं किंवा आंबायचं, त्या सगळ्यापासून माझा हात लांब झाला. मी पीठ कालवायला गेले की तू म्हणायचीस, ‘स्वल्प थांब, अक्काला येऊ दे.’ ओरडून नव्हे, सवयीने.

आणि मी ते मानलं, आई. याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो. मी जीवशास्त्र शिकवलं. दूध कशाने लागतं, ते जिवाणू कसे दिसतात, त्यांना ऊब कमी पडली तर ते कसे नुसते पडून राहतात, हे पोरींच्या पिढ्यान्‌पिढ्यांना फळ्यावर काढून दाखवलं. परीक्षेत त्यावर प्रश्न घातला. आणि शाळेतून येताना कोपऱ्यावरच्या दुकानात दह्याचं पाकीट घेतलं. सासूबाईंनी विचारलं तेव्हा म्हणाले, माझ्या हाताला यश नाही. त्यांनीही मान डोलावली, कारण हे असं असतं यावर त्यांचाही विश्वास होता. कढीपत्त्याचं रोप लावायचं झालं तरी मी शेजारणीला बोलवायची. फळ्यावरचं शास्त्र फळ्यावर आणि तुझं वाक्य माझ्या मनगटात. दोघांची कधी गाठ पडली नाही.

तर आता व्हरांड्यात मी उभी आहे, हातात ड्रिल, समोर तुझा फ्रीज. रद्दी काढली, आतून सोडा लावून धुतला, वायर लावली आणि तो कसलेही आढेवेढे न घेता सुरू झाला. दाराचं रबर तेवढं कडक होऊन तडकलं होतं. ते घेऊन शिवाजीनगरच्या एका दुकानात गेले तर दुकानदाराने रबर उलटंपालटं करून म्हटलं, ‘मॅडम, इदन्न म्यूझियमगे कोडि,’ म्हणजे संग्रहालयाला देऊन टाका. मी म्हटलं, म्यूझियमला बिअर लागत नाही. मग तो हसला, ‘सरी, सरी’ म्हणाला आणि मोठ्या मापाचं रबर कापून जोडून दिलं. घरी येऊन मी ते खोबणीत बसवलं. दार बंद केलं, तर तू लावायचीस तसा भरदार आवाज आला. इथवर हाताने घात केला नव्हता.

खरी भीती भोकांची होती. जुन्या फ्रीजच्या भिंतीत कुठे कुठे त्याच्या स्वतःच्या, थंडाव्याच्या गॅसच्या बारीक नळ्या असतात. त्यातल्या एकीत ड्रिल गेलं की सगळा गॅस सुटतो आणि फ्रीजचा नुसता डबा उरतो. दारात नळी नसते, तिथे काळजी नव्हती. बाजूला मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जावयांनी डाव्या बाजूला, वर मागच्या कोपऱ्याशी, पेन्सिलने फुली मारली. ‘इथे परफेक्ट आहे. नळी मागच्या मागे जाईल, बाहेरून दिसणार पण नाही.’ दिसायला ती जागा खरंच सोयीची होती. मी ड्रिल टेकवलं आणि परत मागे घेतलं. तुझ्या फ्रीजला मी मारलं असतं ना, आई, तर तुझं वाक्य कायमचं खरं ठरलं असतं. मी म्हटलं, थांबा, आधी पीठ लावून बघू.

ही युक्ती त्यांनीच दाखवलेल्या एका व्हिडिओतली, ते विसरले होते, मी नाही. तांदळाचं पीठ स्पिरिटमध्ये पातळ कालवायचं, फ्रीज चालू ठेवायचा, भिंतीला ते फासायचं आणि बघत बसायचं. आतून जिथे गरम नळी जाते तिथलं पीठ आधी वाळतं आणि पांढरं पडतं. मी खिडक्या उघडल्या, पीठ कालवलं. जावई म्हणाले, ‘धिरडी घालणार आहेस का?’ मी लक्ष दिलं नाही. दोन्ही बाजूंना फासलं, आणि थोडं उरलं ते वाया कशाला घालवायचं म्हणून फ्रीजच्या डोक्यावरही फासून टाकलं.

उजवी बाजू ओलीच राहिली. डाव्या बाजूला मात्र खालून एक पांढरी रेघ उमटायला लागली. ती सरळ वर चढली, जावयांच्या फुलीच्या बरोब्बर मधून गेली आणि डोक्याकडे वळली. जावयांनी हळूच पेन्सिल खिशात टाकली. मी स्टुलावर चढून वर बघितलं. डोक्यावर सगळं पीठ ओलं होतं. फक्त डाव्या हाताच्या मागच्या कोपऱ्यात एक थाळीएवढा तुकडा पांढरा फटक वाळला होता. आणि त्या पांढऱ्या तुकड्याभोवती, आकाशी रंगात मुरलेलं, पातेल्याच्या बुडाचं गोल वळं होतं. तुझ्या विरजणाच्या पातेल्याचं. वर्षानुवर्षं रोज तिथेच ठेवून तिथला रंग पिवळा पडला होता.

मी स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. जावयांना वाटलं मला चक्कर आली, ते पाणी आणायला धावले. आई, हात नव्हता गं तो. ऊब होती. मशीनमधून निघालेली गरम नळी डाव्या अंगाने वर चढून त्या कोपऱ्यात पोचते. बाहेर डिसेंबरची थंडी असो नाहीतर आषाढाची ओल, तुझं पातेलं रात्रभर शेकत बसायचं. अक्काने तुझं बघून तिथेच ठेवलं, तिचंही लागलं. मी जाळीच्या कपाटात ठेवलं, त्या थंडगार कोनाड्यात, तिथे तुझ्या हाताचंसुद्धा लागलं नसतं. तुझ्या हाताला यश मिळवून दिलं ते शेजारच्या बोक्याने. तो नसता तर तूही पातेलं जाळीच्या कपाटातच ठेवलं असतंस आणि मग आपल्या घराण्यात कुणाच्याच हाताला यश नव्हतं असं ठरलं असतं.

आधी मला राग आला. इतका, की मी त्या फ्रीजशी मोठ्याने भांडले. आयुष्यभर मी पाकिटातलं दही खाल्लं ते एका नळीपायी. मग हसू यायला लागलं आणि थांबेचना. जावयांना सगळं सांगितलं, त्यांनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, ‘तू बायो टीचर ना गं?’ तेवढा टोमणा त्यांचा हक्काचा होता, मी ऐकून घेतला. मग उठले, पीठ पुसलं, उजव्या बाजूला खाली खूण केली आणि एका दमात आरपार भोक पाडलं. मनगट हललं नाही. जावई प्लगपाशी हात ठेवून उभे होते, आणि फ्रीज घुमतच राहिला. दाराचं भोकही मीच पाडलं, नळ मी बसवला, आतले कप्पे काढून पिंपाखाली फळीचा पाट मी केला. पहिल्यांदा दांडा ओढला तर नुसता फेसच फेस आला, व्हरांडाभर. जावई हळहळले. मी गॅसचा दाब थोडा उतरवला, पिंप रात्रभर गार होऊ दिलं आणि दुसऱ्या दिवशी सोन्यासारखी बिअर आली. घाबरायचं काय त्यात, तीही आंबवलेलीच.

त्याआधी, भोकं पाडली त्याच संध्याकाळी, मी आणखी एक काम केलं होतं. दूध तापवलं, करंगळी बुडवली, दुकानातल्या पाकिटातलं एक चमचा दही घालून ढवळलं आणि माझ्या घरचं पातेलं तुझ्या पातेल्याच्या त्या वळ्यावर नेमकं ठेवलं. सकाळी झाकण उचललं. वडी पडावी असं दही होतं. मी पातेलं तिरकं केलं, हललं नाही. मी तिथेच उभ्याने, चमच्याने, न साखर न मीठ, निम्मं पातेलं संपवलं.

मग जावयांनी मित्रांना बोलावलं आणि मी अक्काला. भाऊजी गेल्यापासून अक्का येलहंकात मुलाकडे असते. हळदीकुंकवाची, ओटी भरायची बोलावणी तिला येईनाशी झाली, लोक अजून तसेच आहेत. पण एक गोष्ट राहिली. तिच्या त्या कॉलनीत अजून कुणाच्याही घरी लोणचं घालायचं असलं की आधी अक्काला बोलावतात. पहिली मूठ तिच्या हाताची पडली की लोणचं टिकतं म्हणतात. विरजण मागायला तर रोज कुणी ना कुणी येतं. ती आली, फ्रीजसमोर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘काय गं हे, आईच्या फ्रीजातनं बिअर काढालीस? आईनं बघितलं असतं तर?’ मी म्हटलं, बघितलं असतं तर आधी नळ घासला असता. ती हसली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘मला एकदा ओढून बघू दे की.’ आणि मग सगळ्या पुरुष मंडळींचे ग्लास तिनेच भरून दिले, फेस नेमका दोन बोटं, स्वतः एक थेंब न चाखता. जावयांचे मित्र टाळ्या वाजवत होते. तुझी थोरली तुझ्या फ्रीजपाशी उभी राहून असं वाढत होती आणि मी बघत होते. इतकी खूश मी तिला फार दिवसांत बघितली नव्हती.

जेवताना तिने दहीवड्याचा घास घेतला आणि थांबली. ‘हे दही विकतचं न्हवं.’

‘नाही. मी लावलं.’

‘तू?’ तिने पुन्हा एक चमचा खाल्ला. ‘लागलं कसं?’

हाच तो क्षण होता, आई. सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तिला उठवून व्हरांड्यात न्यायचं, स्टूल द्यायचं, ते वळं दाखवायचं, हात लावून बघ म्हणायचं. पोह्यांच्या बशांपासूनचा सगळा हिशेब एका बोटाने फेडता आला असता. मी तिच्या हाताकडे बघितलं. आता शिरा वर आल्या आहेत. त्या हाताला लोक अजून बोलावतात, बाकी कशालाच बोलावत नाहीत. मी म्हणाले, ‘विरजण तुझं होतं ना. मागं डबीत दिलं होतंस ते.’

‘मग लागणारच,’ अक्का म्हणाली आणि समाधानाने पुढचा वडा घेतला. मी ताकाला तूर लागू दिली नाही. जावयांनी तोंड उघडलं होतं, मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही, घरात ठेवणारही नाही, अक्का कपाटं आवरायला बसली की काहीही वाचते. तुला तेवढं कळावं की तू चुकलीस, आणि ते मी सिद्ध केलं, तुझ्याच फ्रीजवर, तांदळाच्या पिठाने. हाताला यश वगैरे काही नसतं. ऊब लागते. हे मी आता कुणालाही पुराव्यानिशी पटवून देऊ शकते.

पण एक कबूल करते. निघताना, कॅब दारात येऊन उभी असताना, अक्काने माझा उजवा हात धरला, उलटा करून तळवा बघितला आणि म्हणाली, ‘हात सुधारला गं तुझा. या उन्हाळ्यात लोणच्याला पहिली मूठ तूच घाल.’ बिअर आली तेव्हा मी नाचले होते, पण रडू मला अक्काच्या या वाक्याला फुटलं.